कोमोडोचा दर्या आणि परवान्याची वाट

आमच्या दोन्ही घरांत दर्या नवा नाही. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी आमचं गाव. मागच्या दोन पिढ्या मासेमारीवर जगल्या. आम्ही दोघं नवरा-बायको मात्र बीएड करून शाळेत शिकवायला लागलो, उर्दू आणि मराठी. तेव्हापासून दर्याशी संबंध बाजारातून मासळी आणण्यापुरताच उरला होता. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत इंडोनेशियातल्या एका लाकडी बोटीवर राहून, पाठीला हवेची टाकी बांधून आम्ही समुद्रात उतरू, असं कुणी सांगितलं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

हे घडलं ते आपाच्या मुलामुळे. आमचा हा भाचा बारावीनंतर मालवणला गेला, तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा डायव्हिंग शिकला, मग अंदमानात दोन वर्षं काढली आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या लाबुआन बाजो या बंदरगावी नोकरीला लागला. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन सुखरूप वर आणणं, हे त्याचं काम. सुट्टीवर आला की आम्हालाही धरून बसवायचा. दोन मे महिने तारकर्लीत घालवून आम्ही दोघांनी आणि आमच्या अकरावीतल्या मुलानं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र मिळवलं. त्यावर अठरा मीटर खोलीपर्यंत उतरता येतं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन परीक्षा देताना काय वाटतं, ते त्या वर्षी कळलं.

तिकिटं काढली, तेव्हा आपा घरी आली. म्हणाली, "फिरायला जाताय, खुशाल जा. पण येताना माझ्या पोराला सांगून या. कुवैतला त्याच्या चाचांनी कंपनीच्या स्टोअरमध्ये जागा बघून ठेवलीय. जानेवारीत रुजू व्हायचंय. तो दर्या आज चालू, उद्या बंद. अशा जागी का आयुष्य काढायचं?"

आपाचं चुकत होतं असं म्हणता येत नव्हतं. तिच्या मुलाची रोजीरोटी ज्या समुद्रावर होती, तो सगळा कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. त्या उद्यानाचं दार तीन वर्षांत तीनदा बंद होण्याच्या बेतात आलं होतं.

आज चालू, उद्या बंद

कोमोडो हे नाव आपण ऐकतो ते तिथल्या राक्षसी घोरपडींमुळे. जगातला सर्वांत मोठा सरडा तो हाच. लांबी तीन मीटरपर्यंत भरते. हरीण आणि म्हशीसुद्धा तो मारून खातो. त्याच्यासाठी १९८० साली हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९१ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कोमोडो, रिंचा आणि पादार ही तीन मोठी बेटं आणि सव्वीस लहान बेटं त्यात येतात. पण उद्यानाच्या हद्दीत जमिनीपेक्षा पाणीच जास्त आहे आणि जगभरचे पाणबुडे येतात ते या पाण्यासाठी.

२०१९ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरांनी जाहीर केलं, की कोमोडो बेट जानेवारी २०२० पासून वर्षभर पर्यटकांना बंद राहील. बेटावरच्या गावकऱ्यांना हलवण्याचीही भाषा झाली. काही महिन्यांतच केंद्र सरकारनं सांगितलं, बंद होणार नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तोवर २०२० मध्ये कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. भाचा गावी परतला. पावणेदोन वर्षं आपाच्या डोळ्यांसमोर राहिला. २०२२ च्या सुरुवातीला त्याला परत बोलावणं आलं आणि तो गेला.

आम्ही बेत आखत होतो, त्याच जुलै महिन्यात तिसरी बातमी आली. कोमोडो आणि पादार बेटांसाठी १ ऑगस्टपासून माणशी साडेसदतीस लाख रुपियांचं तिकीट लागणार. आकडा ऐकून घाबरायला नको, ते इंडोनेशियाचे रुपिया. तरीही आपले वीस हजारांच्या आसपास होतात. परदेशी पाहुण्याला तोपर्यंत साध्या दिवशी दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठशे रुपये, प्रवेश फी होती. डायव्हिंग करणाऱ्याला वर पंचवीस हजार रुपिया. नवं तिकीट वर्षभर चालणार होतं, पण चार दिवसांसाठी जाणाऱ्याला वर्षाचा काय उपयोग? आमच्या तिघांचे साठ हजार रुपये वाढत होते. तीन वर्षं भिशी भरून जमवलेल्या पैशांत ते बसत नव्हते.

सरकारचं कारण समजण्याजोगं होतं. वर्षाला दोन लाखांपेक्षा जास्त माणसं तिथे जाऊ नयेत आणि निसर्ग राखायला पैसा मिळावा, असा उद्देश सांगितला गेला. आदल्याच वर्षी कोमोडो घोरपडीची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत झाली होती. पण गावात हलकल्लोळ झाला. १ ऑगस्टला लाबुआन बाजोतल्या पर्यटनावर जगणाऱ्यांनी काम बंद ठेवलं. मग जाहीर झालं, की नवा दर १ जानेवारी २०२३ पर्यंत पुढे ढकलला आहे.

म्हणजे आम्ही दोन महिन्यांच्या फटीतून आत शिरणार होतो. आणि आपाच्या मनातला जानेवारी नेमका तोच होता.

दोन लाटांमधलं गाव

मुंबईहून बालीला पोहोचलो आणि तिथून तासाभराच्या विमानानं फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकावर उतरलो. खिडकीतून तपकिरी, बोडक्या टेकड्यांची बेटं दिसली. ऑक्टोबर तिथला कोरडा काळ संपता संपताचा. आमच्याकडे मे महिन्यात कातळावरचा सडा जसा दिसतो, अगदी तसं. विमानतळावर भाचा उभा होता. उन्हानं काळवंडलेला, खांदे रुंदावलेले. "मामू, मामी, अस्सलामु अलैकुम," म्हणून त्यानं बॅगा उचलल्या.

लाबुआन म्हणजे बंदर आणि बाजो म्हणजे समुद्रावर फिरणारी ती जुनी जमात. नावातच गावाचा इतिहास आहे. फ्लोरेस बेट बहुसंख्येनं कॅथलिक, पण बंदराच्या बाजूला बाजो आणि बुगिस मुसलमानांची वस्ती. संध्याकाळी अजान ऐकू येते आणि वरच्या रस्त्यावर चर्च. कोकणात वाढलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटत नाही.

उर्दू शिकवणाऱ्यांना तिथली भाषाही परकी वाटत नाही. दुकानाच्या पाट्या वाचत चाललो तरी ओळखीचं कुणीतरी भेटत राहतं. खबरला काबर, वक्तला वाक्तू, मौसमला मुसिम, खुर्चीला कुर्सी. दुसऱ्या बाजूनं संस्कृत येतं. भाषा म्हणजे बहासा, पती म्हणजे सुआमी, पत्नी म्हणजे इस्त्री. आमचा मुलगा म्हणाला, "म्हणजे तुम्हा दोघांचे विषय इथे एकत्र शिकवतात." आणि ज्या शब्दाभोवती आमचे पुढचे दोन दिवस फिरले, तो म्हणजे शाहबंदर. बंदराच्या अधिकाऱ्याला ते आजही शाहबंदर म्हणतात. फारसी शब्द, जुन्या व्यापाराबरोबर तिथे गेलेला. शाहबंदराची परवानगी असल्याशिवाय बोट धक्का सोडत नाही. परवानगीला शब्द आहे इजिन, आपला इज्नच तो.

आमची बोट पिनिसी जातीची होती. दोन डोलकाठ्यांचं हे लाकडी गलबत दक्षिण सुलावेसीतले कारागीर किनाऱ्यावरच बांधतात. त्यांच्या कलेची युनेस्कोनं २०१७ मध्ये वारसा म्हणून नोंद घेतली. शिडं आता शोभेपुरती, खालून इंजिन चालतं. आठ पाहुणे, सात खलाशी. खालच्या मजल्यावर लहान खोल्या, वर जेवणाची जागा आणि मागच्या बाजूला हवेच्या टाक्यांची रांग. चार दिवस त्याच बोटीवर जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीन वेळा पाण्यात उतरायचं, असा बेत.

सकाळी आठला निघायचं होतं. आठ वाजले, नऊ वाजले, बोट हलेना. वाऱ्याचा इशारा होता, त्यामुळे कागद मिळाला नव्हता. त्यात नव्या तिकिटाच्या अफवा. शेजारच्या बोटीवरचा कुणी सांगे, नवा दर लागूच झालाय. कुणी सांगे, पादारवर आता नाव नोंदवल्याशिवाय चढू देत नाहीत. आमच्यातले दोन युरोपीय पाहुणे आदल्या उन्हाळ्यात तिकीट रद्द करून आता दुसऱ्यांदा आले होते. त्यांनी भाच्याला तीनदा विचारलं, "नक्की काय आहे?" तो तीनही वेळा शांतपणे म्हणाला, "आज जुनाच दर आहे. निघायचं कधी, ते कागद आल्यावर सांगतो."

दुपार झाली. खलाशी गळ टाकून बसले. आम्ही मुलांचे तपासायचे राहिलेले पेपर सोबत नेले होते, ते काढले. रात्र बंदरातच गेली. चार दिवसांच्या सफरीतला एक दिवस नांगरावरच संपला. दक्षिणेकडची ठिकाणं बेतातून वगळली गेली. मुलाचं तोंड उतरलं. खरं सांगायचं तर आमचंही उतरलं होतं. भिशीचे पैसे डोळ्यांसमोर येत होते.

त्या रात्री आचाऱ्याशी गप्पा झाल्या. पन्नाशीचा माणूस, भाचा मधे बसून भाषांतर करत होता. तो कोमोडो बेटावरच्या गावचा. सगळं गाव मुसलमान, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहणारं. तिथली जुनी गोष्ट त्यानं सांगितली. एका राजकन्येला जुळं झालं, एक मुलगा आणि एक घोरपड. मुलगा गावात वाढला, घोरपड रानात. म्हणून गावकरी तिला आपलं भावंड मानतात. उद्यान झालं, तेव्हा रानात शिकार बंद झाली, लाकूडतोड बंद झाली, बऱ्याच भागात जाळी टाकणं बंद झालं. गावकरी लाकडाच्या छोट्या घोरपडी कोरून पर्यटकांना विकू लागले, बोटींवर काम करू लागले. "आम्ही मासेमारी सोडली, कारण पाहुणे येतील असं सांगितलं," तो म्हणाला. "मग २०१९ मध्ये म्हणाले, पाहुणे नकोत आणि तुम्हीपण नकोत. आता म्हणतात, पाहुणे हवेत, पण श्रीमंतच हवेत. आम्ही दर वेळी नवीन काय शिकायचं?"

आम्हाला मालवण आठवलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा तिथल्या मच्छीमारांनीही हाच प्रश्न विचारला होता. आमच्या जालातल्या मासळीचं काय? तिथला विरोध पुष्कळ वर्षं धुमसत होता. आज त्याच मालवणात मच्छीमारांची मुलं पर्यटकांना प्रवाळ दाखवून घर चालवतात. आमचा भाचा त्यातलाच. जुना व्यवसाय सोडून नवा धरलेल्या माणसाला त्या नव्याचा भरवसा लागतो, हे कुणी आम्हाला पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

पाण्याखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आला. कप्तानानं तो हातात उंच धरून दाखवला आणि बोटीवर टाळ्या पडल्या. तासाभरात आम्ही बेटांमध्ये होतो.

पहिली डुबकी सियाबा बेसार बेटाजवळ, शांत खाडीत. पायापासून डोक्यापर्यंत रबरी पोशाख, डोक्यावर त्याचीच टोपी. आमच्याकडच्या बायकांना पाण्यात उतरायचं म्हटलं की कपड्यांची अडचण पहिली आठवते. इथे ती नव्हतीच. सगळे सारखेच काळे, सारखेच बेढब. लहान होडीच्या काठावर पाठमोरं बसायचं, चष्मा हातानं दाबून धरायचा आणि मागच्या मागे पाण्यात कलंडायचं. मग हळूहळू खाली. प्रत्येक मीटरला नाक दाबून कान मोकळे करायचे. आमच्यापैकी एकाचा कान सुटेना. भाच्यानं हात धरून दोन मीटर वर आणलं, थांबवलं, पुन्हा नेलं. घाई केली नाही.

बारा मीटरवर गवताळ वाळूत एक कासव चरत होतं. गाईसारखं, मान खाली घालून. आम्ही तिघं गुडघ्यावर बसल्यासारखे अधांतरी थांबलो. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि परत चरू लागलं. मग पाहतो तर चारी बाजूंना कासवंच. कुणी प्रवाळावर झोपलेलं, कुणी श्वास घ्यायला वर निघालेलं. तोंडात नळी असताना 'सुब्हानअल्लाह' म्हणता येत नाही, पण मनात तेच आलं.

दुपारी कारांग मकासर. इथे तळ उथळ आणि पाण्याला ओढ. पोहायचं नाही, पाणी नेईल तसं जायचं. अर्धा तास नुसते दगड आणि तुटके प्रवाळ दिसले. भाच्यानं नंतर सांगितलं, की या भागात पूर्वी सुरुंगाच्या स्फोटानं मासे मारत. अशा जागी प्रवाळ परत धरायला फार वर्षं लागतात. आणि मग समोरून एक सावली आली. मांटा. पाकट जातीचाच मासा, पण पंखांचा पसारा आमच्या वर्गाच्या फळ्याएवढा. तो एका खडकावर घिरट्या घालत होता आणि लहान मासे त्याचं अंग साफ करत होते. डंख नाही, दात लावणं नाही. नुसतं तोंड उघडून तरंगतं बारीक अन्न गाळून खाणारा प्राणी. मुलानं आमचा दंड इतका घट्ट पकडला, की संध्याकाळी वळ दिसत होता.

लहानपणी बंदरावर पाकट कापताना आम्ही रोज पाहिलेली. जिवंत, स्वतःच्या घरात फिरणारी पाकट अशी असते, हे त्या दिवशी प्रथम कळलं. इंडोनेशियानं २०१४ मध्ये मांटा पकडण्यावर देशभर बंदी घातली. ती बंदी नसती तर आम्हाला दाखवायला भाच्याकडे काय उरलं असतं? आदल्या रात्री आचाऱ्याचं ऐकून नियमांचा राग आला होता. आज नियमांचं पुण्य पाहत होतो. दोन्ही खरंच होतं.

संध्याकाळी कालोंग बेटासमोर नांगर टाकला. सूर्य बुडाला आणि खारफुटीतून हजारो मोठी वाघळं उठून फ्लोरेसच्या दिशेनं फळं शोधायला निघाली. बोटीवर खलाशांनी मग्रिबसाठी चटई अंथरली. नांगरावरची बोट वाऱ्यानं फिरत राहते, म्हणून कप्तान होकायंत्र पाहून दिशा सांगत होता. नमाज संपेस्तोवर बोट थोडी वळलीच. कुणी काही बोललं नाही.

बातू बोलोंगला घेतलेला निर्णय

तिसऱ्या दिवशी सकाळी बातू बोलोंग. समुद्राच्या मधोमध उभा असलेला भोक पडलेला खडक, नावाचा अर्थही तोच. त्याच्या भिंतीवरचे मासे आणि प्रवाळ पाहायला माणसं अर्धं जग ओलांडून येतात. युरोपीय पाहुण्यांची तर सफरच त्यासाठी होती.

दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. आमच्या गावातला कोणताही म्हातारा तांडेल हे झोपेतही सांगेल. शिवाय कोमोडोच्या सामुद्रधुनी अरुंद. उत्तरेकडून पॅसिफिकचं पाणी आणि दक्षिणेला हिंदी महासागर, यांच्यामधली ती वाट. उधाणात तिथे पाणी नदीसारखं धावतं. खडकाच्या दोन्ही अंगांना पाणी उकळल्यासारखं फिरत होतं.

भाचा छोट्या होडीनं खडकाला फेरी मारून आला. पाण्यात डोकं घालून पाहिलं. घड्याळ पाहिलं. अर्धा तास थांबला, पुन्हा जाऊन आला. मग बोटीवर येऊन म्हणाला, "इथे आज कुणीच उतरणार नाही."

पाहुणे चिडले. त्यांना शेकडो डुबक्यांचा अनुभव होता. आधीच एक दिवस गेला, दक्षिण गेली, आता हेही? दुसऱ्या एका बोटीचे लोक उतरताना समोर दिसत होते. भाचा म्हणाला, "ते उतरले, तो त्यांचा निर्णय. इथे पाणी माणसाला खाली ओढतं. आत नेणं माझ्या हातात आहे. वर आणणं आज माझ्या हातात राहणार नाही." आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. मग त्यानं जवळच्या एका बेटाच्या आडोशाला दुसरी जागा सुचवली. तिथे सगळे उतरले. तासाभरानं तेच पाहुणे हसत वर आले.

आम्ही दोघं वरच्या डेकवर बसून हे पाहत होतो. शाळेत वीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. मुलाला विषय येतो की नाही, हे सोप्या प्रश्नावर कळत नाही. सगळा वर्ग एक उत्तर ओरडत असताना जो दुसरं उत्तर धरून ठेवतो, त्याला विषय आलेला असतो.

रात्री त्याला आपाचा निरोप सांगितला. सगळा, जसाच्या तसा. कुवैत, चाचा, जानेवारी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामू, अम्मी म्हणते ते खरं आहे. माझा करार डिसेंबरला संपतो. मालकानं सांगितलंय, नवा दर लागला तर निम्म्या बोटी उभ्या राहतील, तो मला ठेवू शकेल की नाही ते त्यालाच माहीत नाही. मी कुवैतला नाही म्हणत नाही. पण मला इथून हाकललं म्हणून जायचं नाही. जायचं तर मी ठरवून जाईन. महिना पाऊण महिना द्या."

मामी म्हणाली, "आणि तिकीट खरंच वाढलं तर?"

"तर मालवणला येईन. तिथेही समुद्रच आहे ना." मग थोडं थांबून म्हणाला, "पण कागदाची वाट बघायला तिथेही लागतेच, मामी."

खरंच होतं ते. आमच्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पण ती तारीख पाळण्यातल्या मुलालाही माहीत असते. त्या दोन महिन्यांत जाळी विणायची, होड्या डांबरायच्या, लग्नं उरकायची. बंदी त्रास देत नाही असं नाही, पण माणूस तिच्याभोवती घर उभं करू शकतो. शाळेचं वेळापत्रकही तसंच. कडक असलं तरी मुलं अभ्यास करतात. तीनदा बदललं की हुशार मुलगाही पुस्तक मिटून बसतो. कोमोडोच्या माणसांची तक्रार आम्हाला एवढीच समजली. समुद्र राखा, पण काय राखणार आणि आमचं काय करणार, ते एकदा सांगा आणि मग तेच ठेवा.

परतीच्या वाटेवर

शेवटच्या दिवशी डायव्हिंग नव्हतं. डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेला वायू त्रास देतो. त्या वेळात पादार बेटाची टेकडी चढलो आणि कोमोडो बेटावर रेंजरबरोबर फिरलो. झाडाच्या सावलीत एक घोरपड लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली. जीभ तेवढी हलत होती. रेंजरच्या हातात दुबेळक्याची लांब काठी. गावात आचाऱ्याच्या घरी चहा झाला. खांबांवरची घरं, मधे मशीद, ओसरीत लाकूड कोरणारे हात. आम्ही एक लहान घोरपड विकत घेतली. आपासाठी.

वाचकांपैकी कुणाला जायचं असेल, तर अनुभवातून दोन-चार गोष्टी सांगतो. एप्रिल ते नोव्हेंबर हा साधारण बरा काळ. नवीन शिकलेल्यांनी उधाणाचे दिवस टाळून भांगाचे दिवस बघावेत, पाण्याची ओढ कमी असते. नियम आणि दर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्यावेत. सफरीच्या पुढे-मागे एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि परतीचं विमान घट्ट बांधू नये. डायव्हिंग न येणाऱ्यांनाही नळी लावून वरून पुष्कळ दिसतं. खलाशी बहुतेक मुसलमान असल्यानं जेवणाची अडचण येत नाही, तरी बोट ठरवताना आधी सांगितलेलं बरं. आणि सोबतचा माणूस 'आज नाही' म्हणाला, तर त्याचं ऐकावं.

घरी आल्यावर आपाला सगळं सांगितलं. कासवं, मांटा, वाघळं. तिनं ते कानाआड केलं. "तो काय म्हणाला ते सांगा." आम्ही त्याचं बोलणं सांगितलं आणि बातू बोलोंगची सकाळही. ती बराच वेळ लाकडी घोरपड हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझे दादा असेच करायचे. सगळ्या होड्या सुटल्या तरी पाणी बघून परत यायचे. लोक हसायचे."

डिसेंबरच्या मध्याला भाच्याचा फोन आला. वाढीव दर रद्द झाला होता. जुनंच तिकीट राहणार होतं आणि मालकानं करार वर्षभर वाढवला होता. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही फोन आपाकडे दिला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "आणि पुढच्या वर्षी?"

तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. आपानं फोन ठेवला, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "कुवैतच्या चाचांना कळवा, यंदा नाही."